मतदानाआधी ऐकण्याची बैठक : दौंड-शिरूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
दौंड आणि शिरूर तालुक्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पॅरिशचे फादर, पॅस्टोरेट कमिट्यांचे सदस्य आणि सर्व सभासद यांस



सहभागी संवाद म्हणजे, ज्यांच्यावर एखाद्या निर्णयाचा परिणाम होणार आहे त्या सर्वांना तो निर्णय होण्याआधी, ठरलेल्या रीतीने आणि सारख्या वेळात बोलू देणारी बैठक. सहभागी नेतृत्व म्हणजे अशी बैठक बोलावण्याची, ती सांभाळण्याची आणि तिथे निघालेल्या गोष्टींना उत्तर देण्याची जबाबदारी. मंडळीच्या कारभारात या बैठकीला स्वतंत्र जागा असावी आणि ती वार्षिक सभेच्या मतदानापासून वेगळी ठेवावी, अशी विनंती या पत्राद्वारे करण्यात येत आहे.

सध्याची रीत बहुतेक मंडळ्यांत सारखीच आहे. रविवारची उपासना संपते आणि आशीर्वादानंतर लोकांना बसवून ठेवले जाते. सेक्रेटरी अहवाल वाचतात, खजिनदार जमाखर्च मांडतात. कब्रस्तानाची भिंत, पाळकांच्या बंगल्याची दुरुस्ती, कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे असे विषय एकामागून एक येतात. बाक वेदीकडे तोंड करून असल्यामुळे बोलणाऱ्याला पुढच्यांच्या फक्त पाठी दिसतात. बोलणारे तीन-चार आवाज वर्षानुवर्षे तेच असतात. दुपार होते, मुले भुकेली होतात आणि हात वर करून विषय निकालात निघतो. हे सगळे नियमाला धरून असते. तरीही घरातल्या सुनेला, नुकत्याच बदलून आलेल्या रेल्वे कुटुंबाला किंवा संडे स्कूल शिकवणाऱ्या मुलीला काय म्हणायचे होते ते कुणालाच कळत नाही. कमिटीच्या निवडणुकीत पडलेला गट पुढचे वर्षभर मागच्या बाकावर बसतो, नाहीतर यायचा बंद होतो. यात मंडळीचे जे नुकसान होते ते टाळता येण्याजोगे आहे.

एकत्र बसून ठरवण्याची रीत पवित्र शास्त्रातच आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायात तक्रार रोजच्या वाटपाची आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. बारा प्रेषितांनी आपल्या अधिकारात माणसे नेमली नाहीत. त्यांनी सगळा शिष्यसमुदाय बोलावला आणि सातजण निवडण्याचे काम त्याच्यावर सोपवले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती त्यातूनच कारभारी घेतले गेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. पंधराव्या अध्यायातील यरुशलेमची सभा याहून कठीण प्रश्नावर भरली होती. तिथे पुष्कळ वाद झाला, मग पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल आपले अनुभव सांगत असताना लोक गप्प राहून ऐकत होते, आणि याकोबाचा निर्णय शेवटी आला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सभेची शिस्त सांगतो: एकामागून एक बोलावे, आणि बसलेल्या कुणाला काही सुचले तर आधीच्याने थांबावे. स्त्रियांनी गप्प राहण्याविषयीचे वचन याच अध्यायात आहे आणि ते वारंवार पुढे केले जाते. मात्र त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात व संदेश देतात हे पौलाने गृहीत धरले आहे. एक वचन घेऊन अर्ध्या मंडळीचे तोंड बंद करणे हा शास्त्राचा प्रामाणिक अर्थ होऊ शकत नाही.

या भागातील मंडळ्यांचा स्वतःचा वारसाही याच बाजूचा आहे. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. रेव्हरंड रिचर्ड विन्झर यांनी तिथे उद्योगशाळा चालवली. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले होते. त्या परंपरेत स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः बोलावते आणि आपला कारभार स्वतः पाहते. मिशनच्या बोस्टनमधील कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन यांचा आग्रह होता की मंडळ्यांनी आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार आपणच सांभाळावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अहमदनगरला हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांच्यासारख्या मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, त्यामागे हाच विचार होता.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. तिच्यात सहा मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकनांनी बिशपचे पद आणले, प्रेसबिटेरियनांनी पाळक आणि वडील यांच्या सभा आणल्या, आणि काँग्रिगेशनल व बाप्तिस्ती मंडळ्यांनी सभासदांच्या सभेचा अधिकार आणला. ही तिन्ही अंगे सीएनआयच्या रचनेत मान्य केलेली आहेत. व्यवहारात पहिल्या दोन अंगांना पदे, शिक्के आणि बैठकांचे भत्ते आहेत. तिसऱ्या अंगाच्या वाट्याला वर्षातून एक घाईची दुपार येते.

केडगाव दौंड तालुक्यात आहे, आणि या विषयावर केडगावइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. तो पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्यासारखे सिद्धांत, चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी घेतलेली हरकत, असे त्यातले वाद अनेक आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच मुद्दा होता. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसरे तसलेच जोखड मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी मंडळी सोडली नाही आणि विवेकबुद्धीही गहाण टाकली नाही. दौंड तालुक्यातल्या ख्रिस्ती माणसाने अधिकार आणि सहभाग यांचा विचार करताना सुरुवात इथून करावी.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांजवळ पोहोचली. एवढा संसार एका बाईच्या आज्ञेवर चालणे शक्य नव्हते. आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना सांभाळत. हातमाग, तेलाची घाणी, गोठा, शेती, छापखाना अशी खाती होती आणि ती बायका चालवत. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसण्यासाठी स्वेच्छेने नावे मागितली. सुरुवातीला सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० वर गेली होती आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होत होती. जूनच्या अखेरीस केडगावला जे संजीवन सुरू झाले त्याची नोंद जगभरच्या मंडळ्यांच्या इतिहासात आहे. त्याची सुरुवात कुणा परदेशी वक्त्याच्या व्याख्यानाने झाली नव्हती. शेकडो मुलींनी आपल्या तोंडाने मोठ्याने केलेल्या प्रार्थनेने ती झाली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणारे हातही तिथल्या बायकांचेच होते.

मुक्ती सदनात मतदान नव्हते आणि शेवटचा शब्द रमाबाईंचाच असे, हे खरे. म्हणूनच हे उदाहरण उपयोगी आहे. अधिकार एका जागी असतानाही काम, प्रार्थना आणि जबाबदारी वाटून देता येते, हे त्यातून दिसते. जिथे दुष्काळात सापडलेल्या मुलींनी छापखाना चालवला, त्या तालुक्यात आज शिकलेल्या बायकांना मंडळीत फक्त चहा आणि फुलांच्या कमिटीत घेणे हे त्या वारशाला शोभत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा प्रयत्न याच ओळीतला आहे. मिशनची नोकरी सोडून त्यांनी १९१७ मध्ये देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. कुणाला आत घ्यायचे यापेक्षा कुणाबरोबर बसायचे हा प्रश्न त्यांनी आधी ठेवला, एवढे मात्र राहिले.

कॅथलिक मंडळीत हाच विषय अलीकडे थेट रोमहून आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मंडळीचे वर्णन देवाची प्रजा असे केले. १९९० मध्ये बांडुंग येथे भरलेल्या आशियाई बिशपांच्या महासभेने सहभागी मंडळीची कल्पना मांडली आणि लहान ख्रिस्ती समूहांवर भर दिला. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलेली सिनड-प्रक्रिया पॅरिशपासून वर जात ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ च्या महासभांपर्यंत पोहोचली. २०२३ मध्ये प्रथमच स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. मत देणाऱ्यांत ५४ स्त्रिया होत्या. व्हॅटिकनच्या सभागृहात रांगा काढून टाकल्या होत्या. कार्डिनल, बिशप, सिस्टर आणि प्रापंचिक माणसे गोल टेबलांभोवती बसली होती.

तिथली रीत अवघड नाही. आधी शांतता आणि प्रार्थना. पहिल्या फेरीत प्रत्येकजण ठरलेल्या मिनिटांत आपले म्हणणे सांगतो, मधे कुणी बोलत नाही. पुन्हा शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचा मुद्दा रेटायचा नसतो. इतरांच्या बोलण्यातले काय मनाला भिडले तेवढेच सांगायचे असते. तिसऱ्या फेरीत कुठे एकमत आहे, कुठे नाही आणि कोणता प्रश्न उघडा राहिला ते सगळ्यांनी मिळून लिहायचे. या तिन्हींत दुसरी फेरी सर्वांत मोलाची. ऐकल्याशिवाय तिच्यात बोलताच येत नाही. दौंडमधल्या कोणत्याही प्रॉटेस्टंट मंडळीने ही रीत उचलली तर तिच्या सिद्धांताला कुठे धक्का लागत नाही.

मंडळीबाहेरही अशा रीती तयार झाल्या आहेत. हॅरिसन ओवेन हे अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीचे दीक्षित पाळक. मोठ्या परिषदेत खरे बोलणे चहाच्या सुट्टीत होते हे पाहून त्यांनी १९८५ च्या सुमारास ओपन स्पेस ही पद्धत काढली. तिच्यात विषयपत्रिका जमलेले लोक भिंतीवर स्वतः लिहितात आणि ज्याला ज्या विषयाची आच आहे तो त्या गटात जाऊन बसतो. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ह्वानिटा ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी वर्ल्ड कॅफेची सुरुवात झाली: चार-पाचजणांची टेबले, टेबलावर लिहायला कागद, वीस-तीस मिनिटांनी टेबल बदलायचे, एकाने मात्र तिथेच थांबून नव्यांना आधीचे सांगायचे. तरुण संघाच्या शिबिराला ओपन स्पेस चांगली. साठ-सत्तर लोकांच्या मंडळीला एका प्रश्नावर बोलायचे असेल तर वर्ल्ड कॅफे सोयीची. दुखावलेली मने असतील तिथे यांतली एकही नको. तिथे एकच लहान वर्तुळ आणि सावकाश फिरणारी पाळी हवी.

परदेशी नावांनी कुणी बिचकू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे मराठी मुलुखातच करून दाखवले आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे दोन वेगळ्या बैठका रुजल्या. अभ्यास गटात प्रश्न समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा, शंका काढायच्या. तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. समजून घेण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवणे हे मेंढ्याचे खरे देणे आहे. ठरवायचे नसते तेव्हा माणूस आपली शंका मोकळेपणाने सांगतो. मत मोजायचे असते तेव्हा तीच शंका दुसऱ्या गटाच्या हातात शस्त्र होते. मंडळीतली बरीच भांडणे हा फरक न पाळल्याने वाढतात.

आता प्रत्यक्ष बैठक. वर्षातून दोन पुरेत. एक वार्षिक सभेच्या महिनाभर आधी, दुसरी कापणीच्या सणानंतर. बाक हलवता येत नसतील तर मंडपात किंवा शाळेच्या वर्गात सतरंजी घालावी. आठजणांचे एक वर्तुळ करावे. हातात फिरवायला एखादी साधी वस्तू असावी आणि ती ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलावे. ज्याला बोलायचे नसेल त्याने ती पुढे द्यावी. त्याला कारण विचारू नये. प्रत्येक वर्तुळात एकजण वेळ सांभाळणारा आणि एकजण लिहिणारा असावा, आणि हे दोघेही कमिटीतले नसावेत. महिला संघातल्या ज्या बायका बचत गट चालवतात त्यांना हे काम नव्याने शिकवावे लागणार नाही. पाळीने बोलणे, हिशेब सगळ्यांसमोर वाचणे, रुसलेलीला परत बसवणे हे त्या दर महिन्याला करत असतात.

प्रश्न नीट घालणे हे निम्मे काम आहे. "हॉल बांधायचा की नाही?" असे विचारले की दोन गट पडतात. "येत्या पाच वर्षांत या आवारात कोण यावे आणि त्यांच्यासाठी इथे काय असावे?" असे विचारले की हॉलची गरज आहे की नाही ते आपोआप पुढे येते, आणि शिकवणीचा वर्ग, म्हाताऱ्यांना बसायची जागा, बाहेरगावहून आलेल्या कामगारांची प्रार्थनासभा असल्या गोष्टीही निघतात. उत्तर आधीच ठरलेले असेल तर प्रश्न विचारू नये. लोकांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळते आणि पुढच्या वेळी कुणी येत नाही.

दौंडच्या काही अडचणी दौंडच्याच आहेत. १८७८ मध्ये मनमाडची लाईन सुरू झाली तेव्हापासून हे जंक्शनचे गाव आहे. मंडळीत ड्युटीच्या पाळ्यांवर जाणारे रेल्वेवाले आहेत, राज्य राखीव पोलीस दलातले आहेत, कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारे आहेत. शिरूरकडे रांजणगावच्या कारखान्यांची तीच गोष्ट. रविवारी दुपारी एकच बैठक ठेवली तर हे लोक कायमचे बाहेर राहतात. म्हणून तोच प्रश्न घेऊन एक बैठक रविवारी आणि एक आठवड्यातल्या संध्याकाळी घ्यावी आणि दोन्हींची टिपणे एकत्र वाचावीत. भाषेचेही तसेच. रेल्वे कॉलनीत मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू बोलणारी घरे असतात. त्यांना आपल्या भाषेत बोलू द्यावे आणि शेजारच्याने मराठीत सांगावे. सासऱ्यासमोर सून बोलणार नाही, हे नाकारून उपयोग नाही; एका घरातली माणसे वेगवेगळ्या वर्तुळांत बसवली की प्रश्न बराच सुटतो. व्हॉट्सॲपचा ग्रुप सूचना पाठवायला ठीक आहे, पण या बैठकीची जागा तो घेऊ शकत नाही.

पाळकांना यात आपला अधिकार जाईल असे वाटणे स्वाभाविक आहे. वचनाची सेवा, संस्कार आणि शिकवण यांची जबाबदारी पाळकांचीच राहते. बदल एवढाच, की अशा बैठकीत पाळकांनी पहिले बोलू नये. त्यांनी पहिले मत दिले की बाकीचे एकतर त्याला होकार देतात किंवा त्याला विरोध करतात. स्वतःचे कुणी सांगत नाही. यरुशलेमच्या सभेत याकोब शेवटी बोलला म्हणून त्याचे वजन कमी झाले नाही. सगळ्यांचे ऐकलेले असल्यामुळे त्याचा निर्णय लोकांना पटला.

बैठकीनंतर काय होते यावर तिची खरी परीक्षा असते. टिपणे सूचनाफलकावर लागावीत. महिन्याभरात कमिटीने प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यावे: हे मान्य, हे पुढच्या वर्षी, हे नाही आणि का नाही. नकाराने लोक फारसे दुखावत नाहीत, दुर्लक्षाने दुखावतात.

सगळे विषय या बैठकीचे नसतात. न्यायालयात असलेला मिळकतीचा वाद, पैशांचा अपहार, कुणावर झालेला अत्याचार यांना वर्तुळात आणू नये. लहान मुलाला किंवा बाईला इजा झाली असेल तर जागा पोलीस ठाण्याची आहे. तिथे समजुतीची बैठक घेणे हा दुसरा अन्याय होईल. जातीचे जुने भेद मंडळीत अजून आहेत आणि वर्तुळात बसल्याने ते जात नाहीत. मात्र कुणाला बोलवले, कुणाला नाही आणि कुणाचे लिहून घेतले, हे तरी तिथे सगळ्यांना दिसते.

या वर्षीच्या वार्षिक सभेची नोटीस निघण्याआधी प्रत्येक मंडळीने एक ऐकण्याची बैठक ठेवावी. तिची तारीख सलग दोन रविवार वेदीवरून जाहीर करावी. ती सांभाळण्यासाठी कमिटीबाहेरचे चारजण नेमावेत आणि त्यांत निदान दोन बायका असाव्यात, ही सर्व पाळकांना, फादरांना आणि कमिटी सदस्यांना नम्र विनंती.

कळावे,
मंडळीचा एक सभासद, दौंड